मदत हवी आहे: लिव्ह अँड लायसन्स संपलं, माणूस हलत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज कसा करायचा?

त्रस्तमालक
सरळ विचारतो. डोंबिवलीत आमचा वन बीएचके आहे, भाड्याने दिलेला. लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी) मार्चमध्ये संपला. आधी 'मुलाची परीक्षा होऊ द्या', मग 'पावसात कुठे सामान हलवू', आता 'गणपती होऊ द्या'. सोसायटीचा सेक्रेटरी हात वर करतो. पोलीस म्हणाले, हे दिवाणी प्रकरण आहे. कोणीतरी सांगितलं की कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. अर्ज कसा करायचा, वकील लागतोच का, ताबा कधी मिळतो, एवढंच सांगा. उपदेश नकोत, ते घरी भरपूर मिळतात.

खमंग
करार रजिस्टर्ड आहे की नुसता नोटरी?

त्रस्तमालक
करार आहे म्हटलं ना. ११ महिन्यांचा.

खमंग
मी ते विचारलं नाही.

वरणफळ
सोपा उपाय सांगतो. पाण्याचा कॉक बंद आणि मीटरचा फ्यूज खिशात. माझ्या मेव्हण्याने बदलापूरला हेच केलं, आठवड्यात टेम्पो दारात. कायदेबियदे करत बसलात तर ताबा तुमची नातवंडं घेतील.

तालुकावकील
वरणफळ, असलं काही शिकवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २९ वाचा. मालकाने भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडली तर शिक्षेची तरतूद आहे. मग 'हा भाडेकरू नाहीच, लायसन्सी (नुसती वापरायची परवानगी असलेला) आहे' असं सांगायला वकील तुम्हालाच लावावा लागेल, आणि ज्याने घर अडवलंय तो तक्रारदार होऊन बसेल.

त्रस्तमालक, याशिवाय उत्तर देता येणार नाही: नोंदणी झाली का? करार कोणाच्या नावाने? जागा राहायला दिली की धंद्याला? मार्चनंतर पैसे घेताय का?

त्रस्तमालक
नोंदणीचं नक्की माहीत नाही, सगळं एजंटने केलं. लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला होता, वेबकॅमवर फोटो काढले. पीडीएफ आहे माझ्याकडे. करार बाबांच्या नावाने. ते ऑगस्टमध्ये गेले. जागा राहायलाच दिलीय, हल्ली त्याची बायको संध्याकाळी हॉलमध्ये शिकवण्या घेते. पैसे तो दर महिन्याला यूपीआयने टाकतो. ते काय परत पाठवू?

खमंग
वडील गेले हे पाचव्या प्रतिसादानंतर कळतंय आम्हाला. धन्य.

चाळकरी
११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागतच नाही. म्हणून तर सगळे ११ चा करतात.

तालुकावकील
ही समजूत केंद्राच्या नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या मर्यादेवरून आली. महाराष्ट्रात याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच हवं, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरा फटका पुढे आहे: नोंदणी नसेल तर अटींबाबत समोरचा जे म्हणेल ते धरलं जातं, खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर.

त्रस्तमालक, पीडीएफची शेवटची पानं उघडा. दोन्ही पक्षांचे आणि साक्षीदारांचे चौकोनी फोटो, शेजारी अंगठ्याचे ठसे, आणि 'सूची क्र. २' म्हणजे इंडेक्स-टूचं पान दिसतंय का? त्यावर दस्त क्रमांक असेल तर नोंदणी झाली. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा गोल शिक्का असेल तर मग वेगळं बोलू.

टोरंटोकर
आमच्याकडे ऑन्टॅरिओत भाडं थकलं की एन-फोर नोटीस द्यायची. त्यात भाडं भरायला ठरलेली मुदत असते. नाही दिलं तर लँडलॉर्ड अँड टेनन्ट बोर्डाकडे एल-वन अर्ज, तोही ऑनलाइन. भारतात असं काही का होत नाही?

खमंग
त्याचं भाडं थकलेलं नाही. आणि घर डोंबिवलीत आहे.

निळीछत्री
आता नवीन कायदा आलाय की, २०२१ चा. रेंट कोर्टाकडे जा, झटपट निकाल.

तालुकावकील
तो केंद्राचा आदर्श मसुदा. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही, आणि महाराष्ट्रात अजून १९९९ चाच चालतो. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'नवे नियम' इथे चिकटवू नका, कृपया.

त्रस्तमालक
इंडेक्स-टू सापडलं, दस्त क्रमांक आहे. बोला पुढे.

तालुकावकील
मग कलम २४. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली आणि ताबा मिळाला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. डोंबिवली ठाणे जिल्ह्यात, म्हणजे कोकण विभागाचा प्राधिकारी. वडील गेल्याने अडत नाही. या कलमात मृत मालकाचा वारसही 'मालक'च धरलाय. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लावा. आई, भावंडं असतील तर सगळ्यांना अर्जदार करा, नाहीतर पहिल्याच तारखेला समोरचा हाच मुद्दा काढेल. शिकवण्यांनी फार बिघडत नाही, करारात 'राहण्यासाठी' लिहिलंय ना, तेवढं बघा.

अर्ज दाव्यासारखा लिहून, सत्यापन करून, ठरलेली फी भरून द्यायचा. समन्स बजावलं की ३० दिवसांत त्याने प्रतिज्ञापत्र देऊन लढायची परवानगी मागायची. नाही मागितली तर तुमचं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरतात आणि ताब्याचा आदेश होतो. म्हणून सगळा खेळ समन्स बजावण्याचा. पत्ता, फ्लॅट नंबर, विंग चोख लिहा. आदेशावर अपील नाही, फक्त रिव्हिजन (वरिष्ठांकडून फेरतपासणी). 'किती दिवसांत' याचं उत्तर मी देत नाही, कोणी छातीठोक दिलं तर त्याच्याकडून लिहून घ्या.

मुदतीनंतर राहिल्याबद्दल करारातल्या लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, तीही याच अर्जात मागा. यूपीआयचे पैसे परत नका पाठवू, पण प्रत्येक वेळी लेखी कळवा: करार संपलाय, हे भाडं नव्हे, नुकसानभरपाईपोटी हक्क राखून घेतोय. मेसेज चालेल, ईमेल बरा.

वरणफळ
एवढ्यात माझ्या मेव्हण्याने दुसरा भाडेकरू ठेवून त्यालाही काढलं असतं.

निळीछत्री
तुमच्या मेव्हण्याचा अनुभव जामीन मिळाल्यावर लिहा.

चाळकरी
धागा चालूच आहे तर माझंही विचारतो. गिरगावात आमची पागडीची (एकरकमी पैसे देऊन घेतलेली जुनी भाड्याची) खोली. ती मी एका मुलाला लायसन्सवर दिली होती, तोही निघत नाही. याच प्राधिकाऱ्याकडे जाऊ का?

तालुकावकील
नाही. तुम्ही स्वतःच भाडेकरू आहात. भाडेकरूने किंवा पोटभाडेकरूने लायसन्सवर दिलेली जागा या कलमात बसत नाही. तुमचा दावा धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात. आणि त्याआधी मूळ मालकाची परवानगी होती का ते तपासा, नाहीतर त्या मुलाला काढताना खोलीही जायची. बिगरपरवाना पोटभाडेकरू ठेवणं हे खुद्द तुम्हाला काढायचं कारण आहे, कलम १६.

चाळकरी
परवानगी म्हणजे लेखी?

तालुकावकील
हो, लेखी. वेगळा धागा काढा.

त्रस्तमालक
बहीण नाशिकला असते, ती सही करायला येणार नाही. आईची आणि माझी चालेल ना?

तालुकावकील
तिला यायची गरज नाही. तुमच्या नावाने मुखत्यारपत्र करून पाठवू द्या. वकिलाची सक्ती नाही, पण समन्सची तारीख आणि अर्जाचा मसुदा सांभाळायला ठाण्यात नेहमी हेच काम करणारा धरा.

त्रस्तमालक
म्हणजे आता तिच्याशी बोलावं लागणार. कोणाला ठाण्यातला वकील माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.