इ.स. ४७६ : पतन म्हणावे की स्थित्यंतर?

धागाकर्ता

प्राचीन आणि आरंभिक मध्ययुगीन जगाच्या इतिहासाची उजळणी करून घेताना ‘इ.स. ४७६ मध्ये रोमन साम्राज्याचे पतन झाले’ या वाक्यापाशी मी दरवर्षी अडखळतो. हे वाक्य आता टिपणांतून काढून टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या वर्षी घडले ते एवढेच : ओडोएसर या सेनानीने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरवयाच्या सम्राटाला पदावरून दूर केले आणि जीव न घेता वर्षासन बांधून देऊन त्याची कॅम्पानियात रवानगी केली. राजचिन्हे कॉन्स्टँटिनोपलला, साम्राज्याच्या पूर्व भागाचा सम्राट झेनो याच्याकडे पाठवण्यात आली, आणि पश्चिमेला वेगळ्या सम्राटाची आता गरज नाही, असा निरोपही गेला. झेनोच्या लेखी पश्चिमेचा कायदेशीर सम्राट असलेला ज्युलियस नेपोस तर डाल्मेशियात (इटलीसमोरच्या एड्रियाटिक किनाऱ्यावर) ४८० पर्यंत हयात होता. रोमची सीनेट पुढेही भरत राहिली. ओडोएसरनंतर इटलीवर राज्य करणारा गॉथ या जर्मानिक टोळीचा राजा थिओडोरिक याचा पत्रव्यवहार कॅसिओडोरससारखा रोमन अधिकारी लॅटिनमध्ये सांभाळत होता, आणि ५०६ मध्ये व्हिसिगॉथांचा (पश्चिमेकडच्या गॉथांचा) राजा दुसरा अ‍ॅलॅरिक याने आपल्या रोमन प्रजेसाठी रोमन कायद्याचेच संकलन करून दिले. पूर्वेकडील ज्या राज्याला आपण ‘बायझंटाइन’ म्हणतो, तेथील लोक १४५३ पर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत होते. अशा प्रक्रियेला स्थित्यंतर हाच शब्द न्याय देतो.

प्रतिसाद १

आपण दिलेले तपशील मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. आपले सगळे पुरावे दरबारातले, सीनेटमधले आणि कायद्याच्या पोथ्यांमधले आहेत. शेतकऱ्याच्या घरात काय उरले होते, हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही.

रोम शहरात मोंते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे. ती मातीची नाही, खापरांची आहे. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून ऑलिव्ह तेल भरून आलेले रांजण रिकामे झाल्यावर फोडून तेथे शिस्तीने रचले जात. दूरदेशीचे तेल, चांगल्या भाजणीची भांडी, कौलारू छप्पर या गोष्टी इटलीतल्या साध्या कुटुंबांपर्यंतही पोहोचलेल्या होत्या, असे उत्खननांतून दिसते. पुढच्या दोन शतकांत कौलांच्या जागी गवत आणि लाकूड आले. ब्रिटनमध्ये तर पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातच नवी नाणी येणे थांबले, विटा-दगडाचे बांधकाम बंद पडले आणि कुंभाराचे चाकसुद्धा वापरातून गेले. ज्या घरात आजीकडे चाकावरची सुबक भांडी होती, तिथे नातीच्या हाती ओबडधोबड मडके आले. याला स्थित्यंतर म्हणणे मला त्या माणसांवर अन्याय करणारे वाटते.

धागाकर्ता

नातीच्या मडक्याचा मुद्दा मनाला भिडला. तरीही दोन आक्षेप नोंदवतो. ब्रिटन हे साम्राज्याचे टोक होते, त्यावरून सगळ्या साम्राज्याचा निवाडा करता येणार नाही; त्याच काळात उत्तर सीरियातील चुनखडीच्या डोंगराळ प्रदेशात शेतकऱ्यांची दगडी घरे आणि चर्च एकामागून एक उभी राहत होती, आणि ती आजही पाहायला मिळतात. इटलीचे म्हणाल, तर तिची खरी धूळधाण गॉथ आणि पूर्वेकडील रोमन साम्राज्य यांच्यातील ५३५ ते ५५४ या युद्धात झाली. गॉथांनी ५३७ मध्ये रोमचे जलसेतू तोडले हे खरे, पण ते युद्ध इटली परत मिळवण्यासाठी सुरू केले होते रोमन सम्राट जस्टिनियनने.

प्रतिसाद २

पतन की स्थित्यंतर हा वाद नावाचा आहे. उजळणीत कारणाला अधिक जागा मिळावी, असे मला वाटते. माझ्या मते महत्त्वाचे साल ४७६ नसून ४३९ आहे. त्या वर्षी व्हँडल या जर्मानिक टोळीचा राजा गायसेरिक याने उत्तर आफ्रिकेतील कार्थेज जिंकले, आणि रोमला धान्य, तेल व करांचा भरणा पुरवणारा सर्वांत संपन्न प्रांत हातचा गेला. कर आटला की सैन्याचा पगार थकतो, आणि पगार थकलेले सैन्य उरलेले प्रांत राखू शकत नाही. आफ्रिका परत घेण्यासाठी ४६८ मध्ये पूर्वेच्या खजिन्यातून प्रचंड खर्च करून पाठवलेले आरमारही गायसेरिकच्या अग्निनौकांनी जाळले.

ओडोएसरचे बंड या साखळीतली शेवटची कडी आहे. इटलीतल्या भाडोत्री सैनिकांनी जमिनीचा एक तृतीयांश वाटा मागितला होता. बालसम्राटाचा बाप ओरेस्टेस याने तो नाकारला, म्हणून सैनिकांनी ओडोएसरला राजा केले. ज्या राज्याला आपल्या सैनिकांना रोख वेतन देता येत नाही, त्याचे सम्राटपद रिकामे राहिले काय आणि भरले काय, फारसा फरक पडत नव्हता.

प्रतिसाद १

ही मांडणी मला पटते, आणि तिच्यात माझ्या खापरांनाही जागा आहे. रोमकडे येणारे धान्य आणि तेल मुख्यतः सरकारी पुरवठ्यासाठी जहाजांत भरले जात असे, आणि त्याच जहाजांतून आफ्रिकेतल्या लाल झिलईच्या थाळ्या कमी खर्चात बंदरोबंदरी पोहोचत. सरकारी फेऱ्या थांबल्यावर थाळ्यांचा व्यापार एका दिवसात बुडाला नाही, पण त्या किनाऱ्यापुरत्या उरल्या आणि आतल्या गावांत दिसेनाशा होत गेल्या. म्हणून सीरियासाठी आपला ‘स्थित्यंतर’ हा शब्द मी स्वीकारतो. ब्रिटन आणि इटलीतल्या त्या आतल्या गावांसाठी मात्र ‘पतन’ हाच शब्द ठेवावा, आणि टिपणात ४७६ च्या आधी ४३९ लिहावे.