लाइट आल्यावर पॅनलमधला इंडस्ट्रियल पीसी आपोआप सुरू कसा करायचा?

शिफ्टवाला: विंडोज १० वर एचएमआय (ऑपरेटर मशीन बघतो-चालवतो ते स्क्रीनचं सॉफ्टवेअर) चालतं. लाइट गेली की पीसी बंद, आली तरी बंदच. पॅनल उघडून कुणीतरी बटण दाबायचं. त्यातून सॉफ्टवेअर सुरू झालंच तर नेटवर्कच्या आधी उघडतं आणि सगळ्या टॅगवर (मशीनकडून येणाऱ्या आकड्यांवर) प्रश्नचिन्हं. पीसीची तब्येत कुठे बघायची तेही सांगा. नवीन काहीही विकत घ्यायचं नाहीये.

तांब्याची_तार: यूपीएस घ्या. प्रश्नच मिटला.

शिफ्टवाला: शेवटची ओळ वाचलीत का?

जुनाखेळाडू: बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असं काहीतरी असेल, ते 'पॉवर ऑन' करा. 'लास्ट स्टेट' नको. ऑपरेटरने रीतसर शटडाऊन केलं आणि मग लाइट गेली, तर लाइट आल्यावरही पीसी बंदच राहणार. आमच्याकडे यावरून अख्खी रात्रपाळी भांडलीये.

पेंग्विन_भक्त: म्हणून मी लिनक्स वापरतो. `सिस्टमसीटीएल स्टेटस` मारलं की सगळं समोर. सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्राम) पडली तर स्वतःच उठते. पाच वर्षं हात लावला नाही.

जुनाखेळाडू: पाच वर्षं हात लावला नाही म्हणजे अपडेटही नाही. अभिनंदन.

बेल्ट_आणि_बेअरिंग: बायोस बघा, +१. पण आधी आतला सीआर२०३२ सेल बदला, बायोसचं सेटिंग आणि घड्याळ जपणारा तो बटणासारखा. मी सेटिंग केलं, फुशारकी मारली, चार महिन्यांनी पुन्हा तेच. सेल मेला होता, सप्लाय गेला की बायोस डिफॉल्टवर. खूण म्हणजे घड्याळ: सुरू झाल्यावर वर्ष भलतंच दिसलं की समजा.

नवशिक्या_९: सॉफ्टवेअरची सर्व्हिस करून टाका, लॉगिनच नको.

जुनाखेळाडू: चालेल, पण दिसणार नाही. व्हिस्टापासून सर्व्हिस सेशन ० मध्ये, म्हणजे ऑपरेटरच्या लॉगिनपासून वेगळ्या, चालतात, त्यांची खिडकी ऑपरेटरच्या स्क्रीनवर येत नाही. एचएमआयला खिडकीच तर हवी! स्टार्टअप फोल्डरमधला शॉर्टकट काढा. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करणारं विंडोजचं साधन) 'लॉग ऑन झाल्यावर' ट्रिगर आणि एक मिनिट विलंब. लॉगिनही आपोआप होऊ द्या. प्रश्नचिन्हं जातील.

तांब्याची_तार: आणि ऑटो लॉगिन म्हणजे पासवर्ड रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) उघडा!

नवशिक्या_९: हाताने लिहिला तर. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोलॉगॉन तो एन्क्रिप्ट करून ठेवतं. अर्थात ॲडमिनला काढता येतोच.

तांब्याची_तार: मग काय उपयोग? यूपीएस घ्या.

बेल्ट_आणि_बेअरिंग: तब्येतीसाठी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, त्यातला सिस्टम लॉग (घडामोडींची नोंदवही). ४१ आणि ६००८ हे नंबर फिल्टर करा, नीट बंद न होता पीसी किती वेळा मेला ते तारखेसकट दिसेल. डिस्कचं स्मार्टही (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) बघा. आमची लाइट परत येताना दोन-तीन झटके देते, त्यात एक एसएसडी गेली.

पेंग्विन_भक्त: बायोसमध्ये पॉवर ऑन करा ना, सोपं आहे.

जुनाखेळाडू: वर मी काय लिहिलंय?

शिफ्टवाला: रविवारी मशीन बंद होतं तेव्हा बसलो. ४१ चे सतरा इव्हेंट निघाले, बरेचसे पाच-पाच मिनिटांत जोडीने. म्हणजे झटके आमच्याकडेही आहेत, कुणीतरी बटण दाबतो आणि लाइट पुन्हा जाते. म्हणून बायोसमध्ये पॉवर ऑन केलंच नाही, लाइट आली तरी पीसी बंदच राहील असं ठेवलंय. मागे रिमोट पॉवर स्विचच्या दोन पिना मिळाल्या, भंगारातलं एक पुशबटण पॅनलच्या दारावर बसवलं. लाइट पाच मिनिटं टिकली की ऑपरेटर दाबतो, पॅनल उघडावं लागत नाही. टास्कला एक मिनिट विलंब दिलाय, प्रश्नचिन्हं गेली. सेल स्टोअरमध्ये पडून होता तो टाकला.

तांब्याची_तार: एवढं करण्यापेक्षा यूपीएस…