पेट्रोलमधलं शिसं गेलं, मग त्याच्या जागी आलं काय? इथेनॉल आधीच का नाही वापरलं?

निळाधूर
मुलीने विचारलं, पंपावर 'अनलेडेड' का लिहितात? मला नीट सांगता येईना. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं घालायचे आणि ते विषारी म्हणून बंद झालं एवढंच माहीत. पण मुळात घालायचेच कशाला? आणि इथेनॉलने तेच काम होतं म्हणतात, मग पहिल्यापासून तेच का नाही? इथेनॉल म्हटलं की सगळे मायलेजवर भांडतात, तब्येतीचं कुणी बोलत नाही. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

टॅपेट
नॉकिंग थांबवायला घालायचे. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जातं तेव्हा कमी ऑक्टेनचं, म्हणजे दाबाखाली लवकर भडकणारं पेट्रोल असेल तर प्लगने लावलेली आग पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं, चढावर गाडी टकटक करते ना ते हेच, पिस्टनची वाट लागते त्याने. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला टेट्राएथिल लेड हे शिशाचं रसायन त्यावर उपाय म्हणून सापडलं, गॅलनला चमचाभरसुद्धा लागत नाही. आता तुमचा खरा प्रश्न. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं हे त्याच लोकांना माहीत होतं, पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो आणि पेट्रोलमध्ये बरंच घालावं लागतं, म्हणजे तेल कंपन्यांचं तेवढं पेट्रोल कमी खपणार. शिशावर मात्र पेटंट मिळालं. १९२४ मध्ये कंपनी काढली तिचं नावही 'एथिल', शिशाचा उल्लेखच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, तडफडून मेले. १९२५ मध्ये विक्री थांबली, चौकशी झाली, आणि पुढच्या वर्षी परत सुरू. मला अजून राग येतो वाचताना.

लॅबवाली
मी रक्तातलं शिसं तपासायचं काम करते म्हणून लिहिते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं, हाडात साठवतं, आणि लहान मुलांच्या मेंदूत ते नेमकं जुळणी चाललेली असते तिथे जाऊन बसतं. बुद्ध्यांक, लक्ष, वागणूक सगळ्यावर परिणाम, आणि झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही. इतक्यापर्यंत चालेल अशी सुरक्षित पातळीच नाही. मुलाला काही होतंय हे वरून दिसतही नाही हो, तेच वाईट. अमेरिकेत १९७६ ते ८० मध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तात सरासरी डेसिलिटरला १५ मायक्रोग्रॅम शिसं होतं, आता एकपेक्षा कमी आहे. एवढी घसरण मुख्यतः पेट्रोलमधून शिसं काढल्यामुळे. आणि शिसं कुजत नाही, विरत नाही, जुन्या रस्त्यांकडेच्या मातीत ते अजून आहे.

बेंझीनरिंग
वरचं सगळं बरोबर, फक्त एक भर. शिसं इथेनॉलमुळे गेलं असा सरसकट समज करून घेऊ नका. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत गाड्यांना धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, शिशाने ते निकामी होतात, म्हणून अनलेडेड लागलं. गेलेलं ऑक्टेन रिफायनऱ्यांनी बऱ्याच अंशी बेंझीन, टोल्युइन असल्या अॅरोमॅटिक्सने भरून काढलं, आणि बेंझीनने रक्ताचा कॅन्सर होतो! मग एमटीबीई हे ऑक्टेन वाढवणारं दुसरं रसायन आलं, ते टाक्यांतून गळून भूजलात उतरलं. म्हणजे एक विष काढून दुसरं. इथेनॉल मला बरं वाटतं ते इथे, ऑक्टेन १०८ च्या आसपास, आणि तेवढे अॅरोमॅटिक्स कमी घालता येतात. ब्राझीलने १९७५ मध्ये इथेनॉलचा कार्यक्रम काढला, मूळ कारण तेलाची महागाई, पण शिसं सोडणाऱ्या पहिल्या काही देशांत तो आला. तोटेही आहेत, लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, पाणी ओढून घेतं, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप खराब होतात, धुरात अॅसिटाल्डिहाइड हे घातक रसायन वाढतं. पण मायलेज आणि मुलाचा मेंदू एका तराजूत घालू नये असं मला मनापासून वाटतं.

निळाधूर
सगळ्यांचे आभार, मुलीला आज बसवून सांगतो. म्हणजे आता जगात कुठेच शिशाचं पेट्रोल मिळत नाही ना?

टॅपेट
रस्त्यावरच्या गाड्यांसाठी नाही. शेवटचा देश अल्जेरिया, तिथे जुलै २०२१ मध्ये बंद झालं. म्हणजे शोध लागल्यापासून जवळजवळ शंभर वर्षं. पण पिस्टन इंजिनच्या छोट्या विमानांना जे १००एलएल नावाचं पेट्रोल लागतं त्यात शिसं अजून आहे, त्यातला एलएल म्हणजे 'लो लेड'.