'अ‍ॅपोप्लेक्सी'ला मराठीत काय म्हणावं?

बोरूबहाद्दर
एका जुन्या इंग्रजी चरित्राचं भाषांतर करतोय. नायकाचे वडील जेवता जेवता कोसळतात, शुद्धीवर न येता रात्री जातात. कारण दिलंय 'अ‍ॅपोप्लेक्सी'. कोशात 'पक्षाघात' सापडला, पण अंग लुळं पडल्याचा उल्लेखच नाही. शब्द मुळात कुठला?

वातकुपित
ग्रीक. 'आपोप्लेक्सिया', म्हणजे एका तडाख्यात आडवं होणं. शुद्ध गेली, हालचाल गेली, श्वास तेवढा चालू. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिसच्या सूत्रांत तर साफ म्हटलंय की जोराचा झटका बरा होणं अशक्य आणि सौम्यही सहजी बरा होत नाही. 'स्ट्रोक' आणि आपला 'आघात' त्याच वळणाचे. पण 'पक्ष' म्हणजे एक बाजू, ती ग्रीक शब्दात नाहीच. म्हणून तुमचं अडलं.

जुना_पॅथॉलॉजिस्ट
हे बरोबर, पण एक पाचर मारतो. ते निदान कमी, वर्णन जास्त. माणूस अचानक पडला की लिहा अ‍ॅपोप्लेक्सी! हृदयविकाराचेही त्यात बरेच खपले असणार. १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने शवविच्छेदनावरून मेंदूत साकळलेलं रक्त दाखवलं. धमनी चोंदूनही असं होऊ शकतं, हेही मांडलं. आज सीटी स्कॅनमध्ये आधी हेच बघतात: रक्तस्राव आहे का? असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं नाही. आणि शब्द मेलेला नाही बरं का. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत अचानक रक्तस्राव झाला की आम्ही अजून 'पिट्युटरी अ‍ॅपोप्लेक्सी'च म्हणतो.

चहाटळ
एवढं कशाला? 'लकवा' लिहा आणि सुटा.

वातकुपित
नको हो. अरबी 'लक्वा' म्हणजे तोंड वाकडं होणं, आयुर्वेदातलं अर्दित. 'अर्धांगवायू' तर त्याहून नको, नावातच अर्धं अंग.

जुना_पॅथॉलॉजिस्ट
बोरूबहाद्दर, वडील आखूड मानेचे, लालबुंद चेहऱ्याचे रंगवलेत का? आणि डॉक्टर येऊन शीर कापून रक्त काढतो?

बोरूबहाद्दर
दोन्ही आहे! तुम्ही वाचलंय की काय?

जुना_पॅथॉलॉजिस्ट
नाही. त्या काळी अशाच अंगलटीच्या माणसाला हा झटका येतो अशी समजूत होती, आणि रक्त काढणं हा ठरलेला उपाय. 'झटका येऊन बेशुद्ध पडले' एवढंच लिहा. 'मेंदूतला रक्तस्राव' लिहिलंत, तर त्या डॉक्टरने न केलेलं निदान त्याच्या तोंडी घालाल.