खरड छाटणीनंतर गुळाची फवारणी: घड धरायला साखर नेमकं काय करते?

द्राक्षमळा_दिंडोरी
थॉमसन द्राक्ष, डॉगरिज खुंटावर कलम, अंतर ९ बाय ५ फूट. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खरड छाटणी (नव्या काड्या तयार करण्यासाठीची) झाली. आता मे मध्यावर आलाय, काड्या सात-आठ पानांवर आहेत. मागच्या हंगामात गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) गोळी घड, म्हणजे गोळीएवढे अर्धवट घड, फार निघाले, बरेच जिरलेही, म्हणजे वाढलेच नाहीत. सल्ला मिळतोय की काडीत साखर कमी आहे, २०० लिटर पाण्यात २ किलो गूळ मारा. दुसरीकडे वाचतो की साखर झाडाचं खाद्य तर आहेच, शिवाय निरोप पोचवायचंही काम करते. मग तो निरोप बाहेरून दिला तर काय बिघडलं? आणि शेंडा मारला की बगलफुटी सुटतात, त्याचा साखरेशी काय संबंध?

पर्णहरित
भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून धरू. शेंडा मारला की ऑक्सिन (शेंड्यात बनणारं संप्रेरक) तुटतं आणि पानांच्या बगलेतले डोळे सुटतात, असं आपण सगळेच शिकलो. पण ऑक्सिन खोडातून तासाला जेमतेम १ सेंटीमीटर सरकतं आणि लांबचे डोळे त्याआधीच हलायला लागतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या वाटाण्यावरच्या प्रयोगांनी कारण दाखवलं. शेंडा हा साखरेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. तो गेला की सुक्रोज, म्हणजे झाडात वाहणारी साखर, काही तासांत डोळ्यांकडे वळतं. शेंडा न काढता नुसतं सुक्रोज पुरवलं तरी डोळे हलले. ऑक्सिनचा वाटा आहेच, पण तो पुढे, फूट जोमात ठेवायची की नाही यात.

डोळ्याला हे कळतं कसं? सुक्रोज वाढलं की पेशीत ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट वाढतं. ते इतकं थोडं असतं की खाद्य म्हणून त्याचा काही उपयोग नाही, ते फक्त वर्दी देतं. ते वाढलं की उपासमारीत वाढ रोखून धरणारं स्नर्क-१ हे प्रथिन दबतं. टॉर नावाचं दुसरं प्रथिन साखर आहे असं कळलं की पेशीविभाजनाला मोकळीक देतं. ग्लुकोजची दखल हेक्सोकायनेज हे विकर (एन्झाइम) घेतं. त्याची ग्लुकोजवर प्रक्रिया करायची ताकद काढून घेतली तरी ते निरोप देतच राहतं, हे २००३ साली ॲराबिडॉप्सिस या छोट्या रोपावर दिसलं. खाणं वेगळं आणि निरोप वेगळा, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

आणि हेच हेक्सोकायनेज गुळाच्या विरोधात जातं. पूर्ण वाढलेल्या पानात ग्लुकोज साचलं की प्रकाशसंश्लेषणाची जनुकं मंदावतात. डोळ्यात साखर पोचली तर निरोप ‘वाढ’ असा असतो, पानात तुंबली तर ‘पुरे’ असा. त्यामुळे साखर किती, याइतकंच ती कुठे आहे हे महत्त्वाचं.

कॅनॉपी_निफाड
गुळाचा हिशोब मांडतो. उन्हातलं निरोगी पान चौरस मीटरमागे सेकंदाला १० मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड घेतं असं धरा. १० तासांत ०.३६ मोल झाले, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम साखर. एकरात ६,००० चौरस मीटर पानं धरली तर दिवसाला ६५ किलो. सावलीतली पानं, ढग, श्वसन यांपोटी निम्मं सोडा, तरी ३० किलोच्या पुढे राहतं, तेही रोज. तुमचा २ किलो गूळ बहुतांशी पानाच्या मेणचट थरावरच वाळणार. वर काळी बुरशी आणि मुंग्या. मुंग्या आल्या की त्या जपतात त्या मिलीबगची (पिठ्या ढेकणाची) सोयच झाली.

डोळ्यातल्या सूक्ष्म कोंबाचा घड होणार की बाळी (वेल आधाराला गुंडाळते तो धागा), हे छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत ठरतं. सायटोकायनिन हे संप्रेरक त्याला घडाकडे नेतं, जिबरेलिन हे दुसरं बाळीकडे. तुमचा तो काळ आता आठवड्यावर आलाय, तेव्हा हात लावायचा तो इथेच.

शेंडा सातव्या पानावर मारा, सबकेन (शेंडा मारल्यावर राखलेली बगलफूट) पाच पानांवर थांबवा. बाकीच्या बगलफुटी दोन-तीन पानांच्या असतानाच काढा. कोवळं पान निम्मं वाढेपर्यंत साखर देत नाही, घेतच राहतं. शेंडा बाराव्या पानावर मारला तर तोवरची साखर लांब पेऱ्यांत गेलेली असते. दुपारी वेलीखाली उन्हाचे कवडसे दिसत नसतील तर काड्या जास्त झाल्यात, विरळणी करा. डोळ्यावर आणि त्याच्या शेजारच्या पानावर ऊन पडलंच पाहिजे.

द्राक्षमळा_दिंडोरी
गूळ रद्द. ड्रिपमधून युरिया चालू आहे, तो बंद करू का? आणि काडीतली साखर तपासता येते का?

कॅनॉपी_निफाड
पेरी लांब आणि शेंडा लुसलुशीत असेल तर युरिया आजच थांबवा, पाणीही कमी करा, मात्र पानं दुपारी मान टाकतील इतकं नको. नत्र आणि पाणी जास्त झालं की वाढ शेंड्याकडे धावते, जिबरेलिनचं पारडं जड होतं आणि बाळ्या वाढतात.

काडी_तपासणी
साखर नाही, पण तिचा साठा, म्हणजे स्टार्च, घरी तपासता येतो. १ लिटर पाण्यात आधी ९ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड पूर्ण विरघळवा, मगच २ ग्रॅम आयोडीन टाका. क्रम उलटला तर आयोडीन तळाशीच राहतं. द्रावण तपकिरी बाटलीत, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा, हातमोजे वापरा.

काडी तपकिरी झाल्यावर, गोडी छाटणीच्या आधी, पाचव्या-सहाव्या पेऱ्यातून धारदार चाकूने आडवा काप घ्या. काप ताजा हवा, वाळला तर रंग फिका येतो. दोन थेंब टाका, दोन मिनिटं थांबा. गर्द निळा-काळा रंग म्हणजे साठा चांगला, पिवळसर राहिला तर कमी. दर वेळी तेच पेरं घ्या, नाहीतर तुलना चुकते. शेंड्याकडचा भाग तर मुळीच घेऊ नका, तो बहुधा फिकाच येतो. दाट सावलीतल्या आणि उन्हातल्या दहा-दहा काड्या शेजारी मांडून बघा.

पण साठा भरपूर असला तरी घड मे-जूनमध्येच ठरलेले असतात. साठ्यावरून फूट किती जोमाने निघेल आणि असलेला घड जिरेल का, याचा अंदाज येतो. घड किती आहेत हे कळायला छाटणीआधी डोळे उभे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. ते करून घ्या आणि मगच छाटणी कितव्या डोळ्यावर करायची ते ठरवा.