घरच्या सोलरला मायक्रोइन्व्हर्टर: जास्तीचे पैसे कधी वसूल होतात, कधी नाही?

गच्चीवाला

पीएम सूर्यघर योजनेमुळे ३ किलोवॅटचं सोलर बसवणारी घरं वाढली. पॅनेलांची डीसी वीज घरातल्या एसीत बदलायला, सगळी पॅनेलं एकापाठोपाठ जोडून (हीच स्ट्रिंग) एकच स्ट्रिंग इन्व्हर्टर घ्यायचा की प्रत्येक पॅनेलखाली एकेक छोटा मायक्रोइन्व्हर्टर (मायक्रो), हा प्रश्न कोटेशन हातात आलं की हटकून पडतो. मायक्रो विकताना एक वाक्य नेहमी ऐकवलं जातं: "एका पॅनेलवर सावली पडली की सगळी स्ट्रिंग बसते." हे अर्धंच खरं आहे आणि त्यावर लोक बरेच पैसे जास्त मोजतात, म्हणून हा धागा.

माझं मत: गच्ची मोकळी असेल आणि सहाही पॅनेलांचं तोंड एकाच दिशेला असेल, तर मायक्रो घेऊ नका.

५४० वॅटची ६ पॅनेलं म्हणजे ३.२४ किलोवॅट. महाराष्ट्रात किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरली तर वर्षाला साधारण ४,७०० युनिट होतात. मोकळ्या गच्चीवर मायक्रोने २-३ टक्के जास्त मिळाले असं उदारपणे मानू, म्हणजे शंभर ते एकशे चाळीस युनिट. वाचलेल्या युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १,००० ते १,४०० रुपये. दोन कोटेशनांतला फरक ४५,००० धरला (तुमचा आकडा घालून बघा), तर वसुलीला ३२ ते ४५ वर्षं लागतात. पॅनेलची वॉरंटी २५ वर्षांची असते.

आता सावली. या आकाराच्या पॅनेलमध्ये ३ बायपास डायोड असतात, म्हणजे सहा पॅनेलांत १८ भाग. टाकीची सावली एका भागावर आली की डायोड तेवढा भाग वगळतो. स्ट्रिंगचा व्होल्टेज २५० वरून १४-१५ ने उतरतो आणि उरलेल्या १७ भागांतून १३ अँपिअर तसाच वाहत राहतो. नुकसान सहा टक्क्यांच्या आसपास, तेही सावली असेपर्यंतच. फक्त इन्व्हर्टरमधलं सावलीसाठीचं स्कॅनिंग चालू हवं. बऱ्याच मॉडेलमध्ये ते मुळात बंद असतं आणि बसवणारा मेनूत जाऊन बघतच नाही. मग एमपीपीटी (जास्तीत जास्त वीज निघेल तो बिंदू शोधणारा इन्व्हर्टरचा भाग) चुकीच्या शिखरावर अडकतो, सगळी स्ट्रिंग सावलीतल्या पॅनेलच्या ४ अँपिअरवर चालते आणि दोष स्ट्रिंगच्या माथी जातो.

दापोलीकर

असहमत. तुमचं सगळं गणित "मोकळी गच्ची, एकच दिशा" या अटीवर उभं आहे. कोकणातलं कौलारू घर घ्या: एक उतार पूर्वेला, एक पश्चिमेला, शेजारी माड. तिथे ३ पॅनेलं इकडे, ३ तिकडे. दोन एमपीपीटीचा स्ट्रिंग इन्व्हर्टर घ्या असं सांगणं सोपं आहे, पण ३ पॅनेलांच्या स्ट्रिंगचा व्होल्टेज काढून बघितलाय का? कागदावर पॅनेलमागे ४१.५ व्होल्ट. सेल ६५ अंशांना तापला की तेच ३६ वर येतात. तीन पॅनेलांचे झाले १०८. कित्येक इन्व्हर्टरांचा सुरू होण्याचाच व्होल्टेज १२० असतो. भार नसताना पॅनेलांचा व्होल्टेज जास्त असतो म्हणून तो सुरू होतो, पण चालताना खाली फारशी जागा उरत नाही. त्यात एक पॅनेल डायोडने वगळलं गेलं तर उरले ७२ व्होल्ट, कित्येक इन्व्हर्टरांना तेवढ्यावर चालता येत नाही, म्हणजे त्या बाजूचं उत्पादन कोसळतं.

शिवाय माडाच्या झावळ्यांची सावली टाकीसारखी एका जागी बसत नाही. ती फाटकी असते, हलते, एकाच वेळी तीन-चार पॅनेलांवर वेगवेगळी पडते. अशा छतावर मायक्रो १२-१३ टक्के जास्त देतात असं धरणं फुगवलेलं नाही. तुमच्याच दराने ते सहाशे युनिट, म्हणजे वर्षाला ६,००० रुपये. साडेसात वर्षांत वसूल.

आणि तुमच्या हिशोबात २५ वर्षांत एकदा तरी स्ट्रिंग इन्व्हर्टर बदलावा लागेल, तो खर्च कुठे आहे?

गच्चीवाला

दोन उतारांचं मान्य. तीन-तीनची स्ट्रिंग करूच नये, तिथे मायक्रोच योग्य.

इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च धरला तर मायक्रो बदलण्याचाही धरा. एका डब्याऐवजी सहा डबे, तेही छतावर, पॅनेलच्या पाठीशी. आणि एका दिशेच्या गच्चीवर दोनच पॅनेलं सावलीत येत असतील तर सहा मायक्रो कशाला? टायगो कंपनीच्या टीएस४-ए-ओसारखे ऑप्टिमायझर (एकेका पॅनेलचं उत्पादन वेगळं सांभाळणारे छोटे डबे) फक्त त्या दोन पॅनेलांना लावता येतात, बाकीची चार तशीच राहतात. सोलरएज कंपनीची गोष्ट वेगळी, तिथे सगळ्या पॅनेलांना लावावे लागतात आणि इन्व्हर्टरही त्यांचाच हवा.

वऱ्हाडी ऊन

उन्हाचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात. पॅनेलखालची हवा त्याहून दहा-पंधरा अंश गरम. बऱ्याच मायक्रोंची कमाल मर्यादा ६५ अंशांची, म्हणजे आपण काठावर. आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असेल तर दर १० अंशांना त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. स्ट्रिंग इन्व्हर्टर जिन्याखाली किंवा उत्तरेच्या भिंतीला लावता येतो. मायक्रोला ती सोय नाही.

घ्यायचेच असतील तर पॅनेलची पाठ आणि डबा यांत दोन-तीन सेंटीमीटर मोकळी हवा ठेवा, डबा पॅनेलच्या जंक्शन बॉक्सखाली नको. पत्र्याला चिकटून पॅनेलं बसवणार असाल तर आमच्या भागात मायक्रोचा विचार सोडा.

दापोलीकर

@वऱ्हाडी ऊन, जिन्याखाली लावता येतो हे खरं, पण लावतात कुठे? केबल वाचवायला गच्चीच्या पश्चिमेच्या भिंतीवर, भर उन्हात. तिथे ४५ अंशांच्या पुढे तोही आपली क्षमता कमी करत जातो. आणि तुमच्याकडे बहुतेक स्ट्रक्चर आठ-दहा फूट उंच असतं, खालून वारा खेळतो, स्टुलावर उभं राहून डबा बदलता येतो. कौलांवर मात्र पॅनेल उतरवावं लागतं, हे माझ्याच बाजूच्या विरोधात जाणारं असलं तरी सांगायला हवं. त्यासाठी कोटेशनात "वॉरंटीत मजुरीसह बदल" असे शब्द लिहून घ्या. नाहीतर डबा फुकट मिळतो आणि तो बसवायला हजारो जातात.

अर्थिंग आधी

तुम्ही सगळे युनिट मोजताय. सुरक्षिततेचं काय? सहा पॅनेलांची स्ट्रिंग म्हणजे चालू असताना २५० आणि भार नसताना जवळपास ३०० व्होल्ट डीसी, ऊन असेपर्यंत सतत. एसीची ठिणगी शून्यावरून जाताना विझते, डीसीची विझत नाही. पॅनेलच्या केबल जोडणाऱ्या एमसी४ कनेक्टरची क्रिम्पिंग साध्या पकडीने दाबून केलेली, एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी, केबल पत्र्याच्या कडेला घासतेय, वर माकडं ओढतायत: आग इथून लागते. मायक्रोत डीसी बाजूला ६० व्होल्टच्या आत मामला राहतो. अमेरिकेच्या विद्युत संहितेत छतावरचा व्होल्टेज झटपट उतरवण्याची सक्ती आहे, मायक्रो तिथे इतके पसरण्यामागे ते मोठं कारण आहे. आपल्याकडे घरगुती छताला तशी सक्ती नाही म्हणून धोका कमी होत नाही. लाकडी वाशांचं छत असेल तर मी फरकाचे पैसे बिनशर्त द्या म्हणेन.

वायरिंगवाला

धोका खरा आहे, पण जोड मोजा. सहा पॅनेलांच्या एका स्ट्रिंगला डीसीचे सातच जोड. मायक्रोला बारा, वर सगळ्या मायक्रोंना जोडणाऱ्या एसी ट्रंक केबलचे वेगळे. व्होल्टेज कमी असला तरी ढिला जोड तापतोच आणि पावसात पाणी घेतोच. योग्य क्रिम्पिंग हत्यार, दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या, केबल यूव्ही टायने रेलला बांधलेली, डीसीडीबीत (डीसी बाजूच्या वितरण पेटीत) टाइप २ एसपीडी (व्होल्टेजची उसळी अडवणारं उपकरण), तीन अर्थिंग (डीसी, एसी आणि वीजरोधकाचं वेगळं). एवढं केलेली स्ट्रिंग सुरक्षित असते. मायक्रोत डीसीडीबी वाचतो, पण पॅनेलच्या फ्रेमचं अर्थिंग सुटत नाही. "मायक्रोला अर्थिंग लागत नाही" म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

दुसरी अडचण व्होल्टेजची. छतापासून मीटरपर्यंत ३० मीटर, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल, १३ अँपिअर: साधारण साडेतीन व्होल्ट. मायक्रोत हे साडेतीन ग्रिडच्या व्होल्टेजवर चढतात. ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरात दुपारी मीटरवर २५० असतील तर छतावर २५३ ओलांडतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार ११० टक्क्यांवर, म्हणजे २३० धरले तर २५३ वर, इन्व्हर्टरने २ सेकंदांत सुटायलाच हवं. मग मायक्रो भर दुपारी आळीपाळीने बंद पडतात आणि मालक पॅनेलला नावं ठेवतो. १० चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर चढ दीड व्होल्टच्या आत येतो. स्ट्रिंग इन्व्हर्टर मीटरजवळ असेल तर हा प्रश्नच नाही, डीसी केबलमध्ये भर उन्हात सव्वा-दीड टक्का जातो एवढंच. कोटेशन घेण्याआधी आठवडाभर दुपारी १२ ते २ या वेळात मीटरवरचा व्होल्टेज लिहून ठेवा.

मीटर रीडिंग

पीएम सूर्यघरच्या अनुदानाचा भाग सगळ्यांकडून सुटला. पहिल्या २ किलोवॅटला ३०,००० प्रत्येकी, तिसऱ्याला १८,०००, कमाल ७८,०००. ही क्षमता पॅनेलची आणि इन्व्हर्टरची यांतली जी कमी ती धरतात. ४८० वॅटचे ६ मायक्रो म्हणजे २.८८ किलोवॅट, अनुदान ७५,८४०. स्वस्तात बसावं म्हणून कोणी ३६६ वॅटचे दिले तर २.२ किलोवॅट होतात आणि अनुदान ६३,५०० च्या आसपास येतं, म्हणजे कमाल ७८,००० च्या मानाने चौदा हजारांहून जास्त गेले. वर ५४० च्या पॅनेलचं उत्पादन रोज दुपारी छाटलं जाणार ते वेगळं. ४८० ला छाटणी नगण्य असते, कारण तापलेलं पॅनेल तसंही ४६०-४७० च्या पुढे क्वचित जातं.

चार पॅनेलांना एक असे मायक्रो स्वस्त पडतात, पण आत एमपीपीटी चार आहेत की दोनच, ते डेटाशीटवर बघा. दोनच असतील तर पॅनेलं जोडीने बांधली गेली. आणि तो एक डबा गेला की सहापैकी चार पॅनेलं बंद.

सावलीमोजणी

सावली टक्क्यांत बोलण्याआधी मोजा. पुण्यात २१ डिसेंबरला सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराला, ४८ अंशांवर. पॅनेलच्या पातळीपेक्षा दीड मीटर वर असलेल्या टाकीची सावली तेव्हा १.३५ मीटर, सकाळी साडेनऊला २.७ मीटर, वायव्येकडे. पॅनेलं टाकीच्या दक्षिणेला नेली तर पुण्यात ऑगस्टपासून मेच्या मध्यापर्यंत भर मध्यान्हीची सावली त्यांच्यावर येतच नाही. ते जमत नसेल तर स्ट्रक्चर एक मीटर उचला: उंचीतला फरक अर्ध्या मीटरवर आला की साडेनऊची सावलीही ९० सेंटीमीटर उरते. लोखंडाचा खर्च सहा मायक्रोंपेक्षा कमी.

कठड्याच्या सावलीचा प्रकार निराळा. हाफ-कट पॅनेलं (वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळा जोडलेली) उभी लावली आणि खालच्या कडेला कठड्याची सावली सगळ्या रांगेवर सारखी पडली, तर प्रत्येक पॅनेलचा खालचा अर्धा भाग जातो आणि प्रवाह निम्मा होतो. सगळ्यांचा सारखाच निम्मा झाल्यामुळे स्ट्रिंग आणि मायक्रो दोन्ही तेवढंच देतात! इथे मायक्रोचे पैसे पाण्यात. पॅनेलं आडवी लावा, मग खालचा एक तृतीयांशच जातो. सहापैकी दोनच पॅनेलांवर अशी अर्धी सावली येत असेल, तर मात्र स्ट्रिंगमध्ये ती दोन पूर्ण वगळली जातात आणि मायक्रोवर निम्मं तरी देतात.

दापोलीकर

कठड्याचं पटलं. पण माड उचलता येत नाही आणि तोडायचाही नाही. माझं मत कायम.

नवीन ग्राहक

विक्रेता म्हणतो मायक्रो घेतले तर वीज गेल्यावरही दिवसा घर चालेल. खरं आहे का? घरात १५० एएचची बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर आहे.

वायरिंगवाला

नाही. ग्रिड गेलं की मायक्रोही बंद व्हायलाच हवेत, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या अंगावर वीज येईल. एनफेज कंपनीच्या काही मायक्रोंना वीज नसताना चालवता येतं, पण त्यासाठी त्यांचा कंट्रोलर आणि बहुधा बॅटरीही लागते. तो खर्च या कोटेशनात नसणार. तुमच्या साध्या बॅटरी-इन्व्हर्टरच्या आउटपुटवर मायक्रो कधीही जोडू देऊ नका. मायक्रोला ते ग्रिड वाटू शकतं, आणि घरातला भार कमी असेल तर जास्तीची वीज उलटी त्या इन्व्हर्टरमध्ये शिरते. त्याला ती रोखता येत नाही, आतले मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे भाग) जळतात किंवा बॅटरी बेसुमार चार्ज होऊन फुगते. वीज गेल्यावर चालणं ही तुमची खरी गरज असेल तर स्ट्रिंगच्या हायब्रीड (बॅटरी जोडता येणाऱ्या) इन्व्हर्टरचं कोटेशन वेगळं मागवा. बॅटरी नंतर घेतली तरी चालेल, पण ती कोणत्या व्होल्टेजची लागेल ते आत्ताच लिहून घ्या.