रेकॉर्ड ऐकायची व्यवस्था कमी खर्चात सुधारायची आहे, आधी कशाला हात घालावा?

तबकडीवाला

सध्या जे आहे ते असं: डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट तबकडी फिरवते असं) टर्नटेबल, एस आकाराचा टोनआर्म म्हणजे सुईचा हात, ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसते तो डबा), टर्नटेबलच्या आतलाच फोनो प्रीअँप, म्हणजे सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, आणि ४ इंची पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर. सगळं एकाच लाकडी टेबलावर.

अडचणी दोन. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं आलं की 'स' आणि 'श' फाटतात, पहिल्या गाण्यात तसं होत नाही. आणि आवाज जरा वाढवला की बेस नुसता घुमतो, ताल वेगळा ऐकूच येत नाही.

बजेट असं की एकच मोठी वस्तू घेता येईल. डोक्यात बाहेरचा फोनो प्रीअँप आहे, काही जण म्हणतात टर्नटेबलच बदल. जाणकारांनी क्रम सांगावा.

सुईदोरा

टर्नटेबल बदलू नका, आणि प्रीअँपही इतक्यात नको. फक्त शेवटच्या गाण्यात 'स' फाटत असेल तर तो दोष प्रीअँपचा नाही. सुई कुठल्या गाण्यावर आहे हे त्या बिचाऱ्याला कळत नाही.

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंमी खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१ सेंमी. म्हणजे १०,००० हर्ट्झची एक लाट बाहेर ०.०५ मिमी जागेत कोरलेली असते, तर आत ०.०२ मिमीत. इतक्या दाटीत सुई जरा तिरकी किंवा हलकी असली तरी 'स' फाटतोच.

तेव्हा आधी फुकटातली कामं. अँटीस्केट (आर्मची आत ओढली जाण्याची खेच सावरणारं बटण) शून्यावर ठेवा, सुईचं टोपण काढा, आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवा. मग वजनावरचा फक्त आकड्यांचा रिंग शून्यावर आणा आणि संपूर्ण वजन फिरवून २.० वर न्या. या कार्ट्रिजला १.८ ते २.२ ग्रॅम चालतं. त्यानंतर अँटीस्केट २ वर. डायलवर विसंबू नका, सुईचा भार ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा स्वस्त मिळतो. मोजताना सुईची टेकायची जागा रेकॉर्डच्याच उंचीवर हवी, नाहीतर आकडा चुकतो.

नंतर प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईचा कोन जुळवायचा कागदी नकाशा, छापा. छपाई '१०० टक्के'वर, आणि कागदावरची मापाची रेघ पट्टीने तपासल्याशिवाय वापरू नका. प्रिंटर गुपचूप ९७ टक्क्यांवर छापतात. बेअरवाल्ड नावाच्या प्रचलित मांडणीत रेकॉर्डच्या केंद्रापासून ६६.० आणि १२०.९ मिमीवर दोन बिंदू येतात. दोन्हीकडे सुईची दांडी, म्हणजे कँटिलिव्हर, रेघांना समांतर दिसली पाहिजे. कार्ट्रिजच्या कडेवर जाऊ नका, दांडी तिच्याशी किंचित वाकडी असू शकते. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड बाजूने टाका. एका बिंदूवर जुळतंय आणि दुसऱ्यावर नाही, तर हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणारा भाग) खाचेत कार्ट्रिज केसभर पुढेमागे सरकवायचं. या मालिकेत स्क्रूचे आटे कार्ट्रिजमध्येच असतात, त्यामुळे नट हरवायची भीती नाही. पण आवळताना हात हलका, अंग प्लास्टिकचं आहे.

वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड कमी झिजतं, हा गैरसमज कृपया सोडा. हलकी सुई खाचेच्या भिंतींवर आपटते आणि ती इजा कायमची राहते.

घुमटाकार

वरच्याशी सहमत. मी बेसबद्दल लिहितो.

स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर आहेत, इथेच निम्मं निदान झालं. खात्री करायची तर टर्नटेबलची वीज चालू (आतला प्रीअँप त्यावरच चालतो), पण प्लॅटर, म्हणजे फिरणारी थाळी, थांबलेला, सुई रेकॉर्डवर टेकवलेली, आणि आवाज हळूहळू वाढवा. नेहमीच्या पातळीजवळ 'ऊंऽऽ' सुरू होऊन आपोआप वाढायला लागला तर तो फीडबॅक: स्पीकरचा कंप टेबलातून सुईत, सुईतून परत स्पीकरमध्ये. हात बटणावरच ठेवा, ऊं सुरू झाल्याबरोबर आवाज खाली. दुसरी चाचणी, टेबलावर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून ती ठणठणीत ऐकू आली तर टेबल बदला किंवा निदान स्पीकर तरी तिथून उचला.

स्पीकर वेगळ्या स्टँडवर, ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला, दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण. मागे पोर्ट (हवा जायचं भोक) असेल तर भिंतीपासून सुरुवातीला ३० सेंमी सोडा आणि तिथून कमीजास्त करून बघा. जमीन लाकडी असेल आणि चालल्यावर सुई उडत असेल, तर टर्नटेबल भिंतीत ठोकलेल्या फळीवर न्या. ऐकताना वरचं झाकण काढून ठेवा, उघडं झाकण शिडासारखं आवाज पकडतं.

आणखी एक. टर्नटेबलच्या मागे 'फोनो/लाइन' स्विच असेल. स्पीकरच्या फोनो इनपुटला 'लाइन'वरचा सिग्नल दिलात तर आरआयएए दुरुस्ती (रेकॉर्ड कोरताना कमी केलेला बेस प्रीअँपने परत वाढवणं) दोनदा होते आणि बेस चिखल होतो. दोन्हींपैकी एकच प्रीअँप चालू हवा.

तबकडीवाला

स्विच 'लाइन'वर आणि स्पीकरला साधं इनपुट, ते बरोबर आहे. टकटक मात्र स्पष्ट ऐकू येते. काट्यावर वजन १.६ भरलं, डायल २ दाखवतोय. असं का?

सुईदोरा

टोपण लावूनच आर्म तोलला असणार. टोपणाचं वजन मागच्या वजनाने सावरलं जातं, टोपण काढलं की सुईवरचा भार तेवढाच घटतो. टोपण काढून पहिल्यापासून तोला.

सूक्ष्मरेषा

मोठी खरेदी करायचीच असेल तर नवी सुई. व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिजचं अंग एकच, सुया अदलाबदल होतात. तुमच्या ई सुईचं टोक ०.३ × ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), वर ज्या दाट लाटांचा हिशोब आला त्यांत ते नीट शिरत नाही. याच मालिकेतल्या मायक्रोलिनिअर नावाच्या बारीक सुईची कड ०.१२ मिलची आहे, फरक पडतो तो नेमका शेवटच्या गाण्यात. आयुष्यही कंपनीच्या सांगण्यानुसार ३०० तासांऐवजी १०००, म्हणजे तासामागे हिशोब केला तर ती महाग नाही. हेडशेल आर्मवरून काढून मगच सुई बदला. धरायचं ते प्लास्टिकच्या भागाला, दांडीला कधीच नाही. भार तोच, २.० ग्रॅम. जागा मात्र पुन्हा प्रोट्रॅक्टरवर तपासा, ही टोकं तिरकेपणा कमी सहन करतात.

एक अट: आधीच बोथट सुईने खरवडलेली रेकॉर्डं कुठलीच सुई पूर्ण बरी करणार नाही. मांडणी नीट झाल्यावरही ठराविक दोन-चार रेकॉर्डंच फाटत असतील तर दोष रेकॉर्डचा समजा.

आणि ही सुई लाखेच्या ७८ च्या तबकड्यांवर टेकवू नका. त्यांना ३ मिलची जाड सुई लागते.

घुमटाकार

सुईच्या सल्ल्याला माझा थोडा विरोध आहे. ४ इंची स्पीकरमधून मायक्रोलिनिअरचा फायदा ऐकू येईल, पण घरातला सर्वांत अशक्त दुवा स्पीकरच राहील. मांडणीनेच 'स' सुधारला तर सगळे पैसे वापरलेले ६ इंची स्पीकर आणि साधा अँप्लिफायर यांत घाला. घेताना स्पीकरच्या कोनभोवतीची (कोन म्हणजे हलणारा पडदा) फोमची कड बोटाने हलकी दाबून बघा, भुगा निघाला तर सोडून द्या. कोन दोन्ही बाजूंनी सारखा दाबताना आत खरखर लागली तर व्हॉइस कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) घासतेय, तेही सोडा.

सूक्ष्मरेषा

हे मान्य, पण मग मोठ्या वूफरचा (बेसच्या स्पीकरचा) कोन वाकड्या रेकॉर्डवर उगाच आतबाहेर हलताना दिसेल. प्रीअँप घ्यायची वेळ आलीच तर २० हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर असलेला घ्या. आणि त्याची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता, मोजमाप पिकोफॅरड) बघा. व्हीएम९५ ला ४७ किलोओहम आणि एकूण १०० ते २०० पिकोफॅरड हवेत. त्या एकूणात आर्मची तार आणि केबलसुद्धा धरायची. लांब स्वस्त केबल एकटीच मर्यादा ओलांडते, आणि वरचे सूर बोचायला लागतात.